उतरवलेला टर्बो आणि समासातली नोंद

कपाळावर देवाचे नाव, बंपरखाली लोंबणारी लिंबू-मिरची आणि बाजूला ठळक अक्षरांत ‘टर्बो’. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत कुठल्याही नाक्यावर उभे राहा, असा ट्रक दिसणारच. हा शब्द आपल्या इतका सवयीचा झाला आहे की त्याचा अर्थ विचारायचे कुणाच्या मनात येत नाही. ‘टर्बो म्हणजे जोरात पळणारे’ एवढ्यावर आपले भागते. माझेही बरीच वर्षे भागत होते. मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझी सोयरीक दहावीला तुटली, ती पुढे जुळली नाही. पण इतिहासाचा नाद असला की माणूस कुठल्या गल्लीतून कुठे निघेल याचा नेम नसतो. जुन्या देवळांचे जीर्णोद्धार, जुनी घरे, जुने दस्तऐवज यांच्याबद्दल वाचता वाचता मी एका जुन्या अमेरिकन गाडीपाशी येऊन थांबलो. ‘जुनी वस्तू दुरुस्त करायची म्हणजे नेमके काय करायचे?’ हा आपल्या गोव्यात पावलोपावली पडणारा प्रश्न त्या गाडीच्या बॉनेटखाली मला लख्ख दिसला. आज तिचीच गोष्ट सांगतो.

आधी टर्बो म्हणजे काय ते दोन शब्दांत. इंजिनात हवा आणि इंधन एकत्र जळते, त्यातून ताकद मिळते. जास्त ताकद हवी तर जास्त इंधन जाळायला हवे, आणि जास्त इंधन जाळायचे तर हवाही जास्त हवी. चुलीत नुसती लाकडे कोंबून जाळ होत नाही, फुंकणीही लागते. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. पण ती फुंकायला वेगळा माणूस लागत नाही. सायलेन्सरच्या वाटेने जो तापलेला धूर फुकट बाहेर जातो, त्याच्या झोतावर एक छोटे चक्र फिरते, ओढ्याच्या पाण्यावर पाणचक्की फिरावी तसे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरते. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच!

ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. पण कल्पना सुचणे वेगळे आणि ती लोखंडात उतरणे वेगळे. लालबुंद धुरात मिनिटाला हजारो फेरे घेणारे चक्र टिकेल असा धातू आणि असे बेअरिंग त्या काळी कुठून आणायचे? वीस वर्षे गेली. १९२५-२६ च्या सुमारास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना ब्यूखीचा टर्बो बसला आणि १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. म्हणजे टर्बोचा संसार मोटारीत नव्हे, जहाजात सुरू झाला. आपल्या मुरगांव बंदरात येऊन लागणाऱ्या मोठ्या जहाजांच्या इंजिनांवर आजही तो असतोच, फक्त त्याचा आकार ओसरीएवढा असतो.

दुसरी वाट आकाशातून गेली. उंचावर हवा विरळ होते, विमानाचे इंजिन धापा टाकू लागते. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचे एक इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर नेले आणि टर्बो लावला की ते तिथेही समुद्रसपाटीइतकी ताकद देते हे दाखवून दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची मोठी बाँबफेकी विमाने याच फुंकणीच्या जोरावर उंच उडाली.

मग १९६२ साल उजाडले. गोवा मुक्त होऊन जेमतेम चार महिने झाले होते. पोर्तुगीज अमलात आयातीवर भारतासारखी बंधने नसल्यामुळे आपल्या रस्त्यांवर परदेशी गाड्या भरपूर होत्या, हे जुन्या मंडळींना आठवत असेलच. नेमक्या त्याच वसंतात तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने सामान्य गिऱ्हाइकांसाठी टर्बो लावलेल्या दोन गाड्या काही आठवड्यांच्या अंतराने बाजारात आणल्या. एक शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर, दुसरी ओल्ड्समोबिल जेटफायर. कारखान्यातूनच टर्बो घेऊन बाहेर पडलेल्या जगातल्या पहिल्या मोटारी या दोन. सख्ख्या बहिणीच म्हणा ना, पण स्वभाव अगदी वेगळे.

इथे एक तांत्रिक अडचण समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळेच घडले. हवा दाबली की तापते. आधीच दाबून तापवलेली हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली तर इंधन ठिणगीची वाट न पाहता भलत्याच वेळी पेट घेते. आतून कुणी हातोडी मारावी तसा आवाज येतो. आपले मेकॅनिक याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ते वाढले तर पिस्टनला भोक पडायलाही वेळ लागत नाही. यावरचा साधा उपाय म्हणजे सिलिंडरमधला दाबच कमी ठेवायचा. कॉर्व्हेअरवाल्यांनी तेच केले. त्यांनी दाबाचे प्रमाण आठास एक ठेवले आणि १५० अश्वशक्तीवर समाधान मानले.

ओल्ड्समोबिलच्या इंजिनिअरांना मात्र ते पटले नाही. दाब कमी केला तर टर्बो जोर धरेपर्यंत गाडी मंद चालणार, हे त्यांना नको होते. त्यांनी दाबाचे प्रमाण सव्वादहास एक असे चढे ठेवले आणि नॉकिंगवर औषध शोधले. हे औषध म्हणजे निम्मे शुद्ध पाणी आणि निम्मे मेथॅनॉल, त्यात थोडे गंज रोखणारे द्रव्य. टर्बो जोरात फिरू लागला की हा द्रव आपोआप हवेच्या वाटेत फवारला जायचा, हवा थंड व्हायची आणि इंजिन शांतपणे काम करायचे. कंपनीने त्याला झोकदार नाव दिले, ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’! सगळे इंजिन अॅल्युमिनियमचे, आठ सिलिंडरचे, २१५ घनइंचांचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे. ताकदही बरोबर २१५ अश्वशक्ती. घनइंचाला एक घोडा, हा त्या काळी मोठ्या मानाचा आकडा होता.

कागदावर पाहिले तर जेटफायरचा इंजिनिअर कॉर्व्हेअरच्या इंजिनिअरपेक्षा हुशार ठरतो. पण गाडी कागदावर चालत नाही, माणसांच्या हातात चालते. त्या फ्लुइडची टाकी मालकाने आठवणीने भरायची होती, आणि माणूस आठवण ठेवत नाही. टाकी रिकामी झाली तर इंजिन वाचावे म्हणून एक झडप टर्बोचा जोर रोखायची. मालकाला वाटायचे, ‘एवढे पैसे मोजले आणि गाडीत दम नाही!’ शिवाय बहुतेक जण गाडी संथपणे शहरातच फिरवायचे. टर्बोला फिरायची वेळच येत नसे. रबराचे पातळ पडदे, सील, नळ्या यांची कटकट होती ती वेगळीच. गल्लीतल्या मेकॅनिकने असले यंत्र आयुष्यात पाहिलेले नव्हते.

दोन वर्षांत कंपनीने एकूण ९,६०७ जेटफायर बनवल्या आणि १९६३ नंतर हा प्रयोग बंद केला. १९६५ मध्ये तर तिने आपल्याच हाताने एक अजब निर्णय घेतला. तक्रार घेऊन येणाऱ्या मालकाच्या गाडीतला टर्बो फुकट उतरवून द्यायचा आणि त्या जागी साधा चारतोंडी कार्बोरेटर बसवायचा. कितीतरी मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकून तो उतरवून घेतला. ज्या वस्तूमुळे ही गाडी इतिहासात जाणार होती, तीच अशी वर्कशॉपच्या कोपऱ्यात, आणि तिथून भंगारात गेली.

याच इंजिनाचा दुसरा प्रवास पाहा. ओल्ड्समोबिलच्या त्याच अॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर ऑस्ट्रेलियाच्या रेप्को कंपनीने हात चालवला. आत बदल, वर नवे हेड असे करत तीन लिटरचे शर्यतीचे इंजिन घडवले. १९६६ साली जॅक ब्रॅबहॅम ते घेऊन फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, आणि तोही स्वतःच्या नावाच्या गाडीतून! त्याच घराण्यातल्या ब्युइकच्या इंजिनाचे हक्क इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने १९६५ मध्ये घेतले. ते रेंज रोव्हरमध्ये आणि इतर कितीतरी गाड्यांमध्ये एकविसाव्या शतकापर्यंत चालले. म्हणजे घरच्यांनी टाकून दिलेले पोर परक्यांनी वाढवले आणि नावारूपाला आणले. फेरफार करणाऱ्यांना सरसकट ‘मोडतोड करणारे’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. काही वेळा बदल करणाराच वस्तूला जगवतो.

आता आजच्या काळात येऊ. समजा, कुणाच्या हाती १९६२ ची एक जेटफायर लागली. पत्रा गंजलेला, आतल्या गाद्या उंदरांनी खाल्लेल्या आणि बॉनेट उघडले तर टर्बो नाही, १९६५ चा कार्बोरेटर बसलेला. या माणसाने काय करायचे? त्याच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट १९६२ कडे परत जाण्याची. त्यासाठी टर्बो तर हवाच, शिवाय त्याच्याबरोबरचा खास आडवा, एकतोंडी कार्बोरेटर, हवेची वेगळी नळी, फ्लुइडची टाकी, दाब मोजणारा काटा आणि ती जोर रोखणारी झडप, सगळे जमवायला हवे. सगळे मिळाले तरी साठ वर्षांपूर्वीचे रबर मेलेले असते, पडदे नव्याने करून घ्यावे लागतात. टर्बोचा दांडा उघडून बेअरिंग पाहावे लागते. जुन्या टर्बोचा एक ठरलेला रोग आहे. गाडी दामटून आणायची आणि आल्या आल्या इंजिन बंद करायचे, की ऑइलचा प्रवाह थांबतो, लालबुंद टर्बोत अडकलेले ऑइल जळून कोळसा होते आणि बेअरिंग खाते. म्हणून जुने जाणकार गाडी थांबवल्यावर मिनिटभर इंजिन नुसते फिरते ठेवायचे. धावून आलेल्या बैलाला लगेच दावणीला बांधू नये, तसेच हे. फ्लुइड मात्र घरीही बनवता येते, कृती गुपित नाही. आणि ज्या कंपनीकडे सुटे भाग मागायचे तिचे काय, तर ओल्ड्समोबिल हे नावच जनरल मोटर्सने २००४ मध्ये कायमचे बंद केले. आता सगळा भरवसा एकमेकांना भाग शोधून देणाऱ्या हौशी मालकांवर.

दुसरी वाट पुढे जाण्याची. जुनी कटकट हवीच कशाला? आजचा छोटा, हलका, पाण्याने थंड राहणारा टर्बो लावा, दाबलेली हवा निववणारा इंटरकूलर लावा, कार्बोरेटर काढून संगणकावर चालणारे इंधन-इंजेक्शन बसवा. गाडी १९६२ च्या इंजिनिअरने स्वप्नातही पाहिली नसेल अशी पळेल, नॉकिंगची चाहूल लागताच संगणक स्वतःच आवरून घेईल. स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनाच्या अंगावर ‘कान’ बसवून नॉकिंग ऐकण्याची पद्धत आपल्या टर्बो गाड्यांत आणली. जेटफायरची फ्लुइडची टाकी ज्या रोगावर होती, त्याचे खरे औषध ते. मग ते वापरायचे नाही का?

आणि तिसरी वाट आहे तसे ठेवण्याची. पत्रा वाचवायचा, ब्रेक नीट करायचे, गाडी चालती करायची आणि तो १९६५ चा कार्बोरेटर तसाच ठेवायचा. कारण तोही खरा आहे. स्वतः कंपनीने बसवलेला आहे. जेटफायरच्या अपयशाचा तोच तर पुरावा आहे.

तीन वाटांचा हा पेच एकट्या जेटफायरचा नाही. जर्मनीच्या पोर्शे ९११ टर्बोचे पाहा. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, १९७५ पासून विकली जाऊ लागली. तीन लिटर, २६० अश्वशक्ती. १९७८ च्या मॉडेलपासून ३.३ लिटर, इंटरकूलर आणि ३०० अश्वशक्ती. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, गिअर चारच, आणि टर्बोचा तो प्रसिद्ध ‘उशीर’. पाय दाबला की आधी काहीच घडत नाही, आणि मग एकदम सगळेच घडते! वळणावर घाबरून पाय उचलला तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. तिला ‘विधवा करणारी’ असे टोपणनाव पडले ते उगीच नाही.

साहजिकच मालकांनी या गाडीवर हात चालवले. कुणी टर्बो बदलला, कुणी मोठा इंटरकूलर लावला, कुणी एक्झॉस्ट बदलला. शर्यतीच्या ९३५ गाडीसारखे चपटे नाक लावून घेण्याची तर टूमच निघाली. गंमत म्हणजे बाहेरच्या कारागिरांचे पाहून पोर्शेच्या खास मागण्या पुरवणाऱ्या विभागानेही तेच चपटे नाक गिऱ्हाइकांना लावून द्यायला सुरुवात केली. बाहेर केले तर ‘फेरफार’, कारखान्याच्या आवारात केले तर ‘मूळ’! पुढे अशा गाड्यांच्या किमती आभाळाला भिडल्या आणि चक्र उलटे फिरले. एका मालकाने हौसेने काढून फेकलेला मूळ एक्झॉस्ट पुढचा मालक आता दामदुप्पट मोजून शोधत फिरतो.

मला कारकुनाला याहून गंमत वाटते ती रूफ कंपनीची. पोर्शेच्या गाड्या घेऊन त्यांत बदल करणारे हे बव्हेरियातले छोटे घराणे. १९८१ मध्ये जर्मन सरकारने तिला स्वतंत्र वाहन-उत्पादक म्हणून मान्यता दिली. त्यानंतर तिच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीवर पोर्शेचा नव्हे, रूफचा स्वतःचा क्रमांक असू लागला. १९८७ साली तिच्या दोन टर्बोंच्या पिवळ्या गाडीने ताशी ३३९ किलोमीटरचा वेग गाठून भल्याभल्या कंपन्यांना मागे टाकले. आता सांगा, ही फेरफार केलेली पोर्शे की मूळची रूफ? लोखंड बघून उत्तर मिळत नाही, कागद बघावा लागतो. ‘कागदात काय ठेवलंय?’ म्हणून आम्हा कारकुनांना हिणवणाऱ्यांनी जरा नोंद घ्यावी!

अर्थात शहाण्या माणसांनी या प्रश्नावर विचार केलेला आहे. १९६४ साली, म्हणजे जेटफायरचे टर्बो उतरवायच्या जेमतेम एक वर्ष आधी, जगातले वास्तुतज्ज्ञ व्हेनिसला जमले आणि जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद त्यांनी तयार केली. तिचा गाभा असा की, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी घातलेली भर खरी असेल तर तिचाही मान राखला पाहिजे. पुढे जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने याच धर्तीवर ट्युरिनची सनद केली. आधी जतन, नाइलाज झाला तरच दुरुस्ती. जो बदल कराल तो ओळखू येईल असा, परत फिरवता येईल असा, आणि लिहून ठेवलेला.

आपल्या देशातला नियम काय? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार वाहनाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, मात्र रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढता येत नाही. नियम चांगला आहे. पण आपल्या जेटफायरला तो लावून पाहा. तिचे ‘मूळ रूप’ कुठले? कारखान्याने १९६२ मध्ये दिलेले, की त्याच कारखान्याने १९६५ मध्ये केलेले? ‘मूळ’ हा शब्द लिहायला सोपा आणि दाखवायला फार कठीण.

हा प्रश्न आपल्याला, गोव्यातल्या माणसांना, परका वाटू नये. १५६० साली मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून रातोरात नदीपार प्रियोळला नेले गेले. जागा बदलली, देऊळ नवे झाले, पुढे शतकानुशतके वाढत गेले. पण ‘हा मूळचा मंगेश नव्हे’ असे म्हणायची कुणाची छाती झाली नाही. कारण जे मूळ होते ते जिवापाड सांभाळून नेले गेले. याउलट आज कितीतरी गावांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय होते ते आपण पाहतोच. मातीच्या भिंती, कोरीव लाकडी खांब, नळ्यांचे छप्पर एका उन्हाळ्यात उतरते आणि पावसाआधी सिमेंटचा स्लॅब पडतो, चकचकीत टाइल्स बसतात. भक्तीबद्दल मला शंका नाही. देऊळ वापरातले आहे, गळके छप्पर कुणी किती दिवस सोसायचे? गळक्या छपराला वैतागलेला गावकरी आणि फ्लुइडची टाकी भरून वैतागलेला जेटफायरचा मालक यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. दोघांचाही त्रास खरा. दोघांनाही सोपे उत्तर हवे होते आणि ते मिळाले. मला सलते ते एवढेच की, तो लाकडी खांब कुठे गेला, कुणी कोरला होता, कधी उतरवला, हे कुणी कुठे लिहून ठेवत नाही. दहा वर्षांनी पोरे विचारतात तेव्हा ‘पयलीं आसलो’ एवढेच उत्तर उरते.

माझे अर्धे आयुष्य सरकारी नोंदवह्यांत गेले. पोर्तुगीज काळातल्या जुन्या वह्या ज्यांनी हाताळल्या असतील त्यांना त्यांतली एक रीत माहीत असेल. एकदा केलेली नोंद खोडायची नाही, पान फाडायचे नाही. माणसाचा जन्म मधल्या मजकुरात लिहिलेला असतो. पुढे लग्न झाले, नाव बदलले, काही दुरुस्ती झाली, तर ती बाजूच्या समासात तारीख-सहीसह लिहायची. तिला ‘आव्हेर्बामेंतु’ म्हणत. मधला मजकूरही खरा आणि समासही खरा. दोन्ही मिळून त्या माणसाची हकिगत पुरी होते. समास नसलेले पान कोरे-करकरीत दिसते खरे, पण त्यावरून माणूस जगला कसा ते कळत नाही.

जुन्या टर्बो गाडीचे मला तसेच वाटते. म्हणून तीन वाटांपैकी कुठली निवडावी याचे माझे उत्तर असे आहे. ज्या मोजक्या जेटफायरवर आजही कारखान्यातला टर्बो शाबूत आहे, त्यांना आधुनिक यंत्रे लावू नयेत. ती पहिली प्रत आहे, आणि पहिल्या प्रतीवर कुणी गिरगटत नाही. ज्यांचा टर्बो १९६५ मध्ये गेला, त्यांच्या मालकाने तो खुशाल परत बसवावा, किंवा नवा लावावा, किंवा तसेच राहू द्यावे. गाडी चालणे महत्त्वाचे, कारण गॅरेजात झाकून ठेवलेली गाडी हळूहळू मरतेच. फक्त काढलेला कार्बोरेटर फेकू नये. त्याला तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून फळीवर ठेवावा. काय काढले, का काढले, कोणत्या साली, हे चार ओळींत लिहून गाडीच्या कागदांना जोडावे. पुढच्या मालकाला मग परत फिरता येईल किंवा पुढे जाता येईल. त्याच्या हातातली निवड आपण काढून घेतलेली नसेल.

१९६५ च्या त्या वर्कशॉपमधल्या कामगारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर एक तक्रार होती, वरून आलेला हुकूम होता, आणि उतरवलेले ते यंत्र म्हणजे त्यांच्या लेखी अडगळ होती. इतिहास घडत असताना तो अडगळीसारखाच दिसतो. ब्यूखीच्या पेटंटपासून त्याचे यंत्र जहाजात फिरेपर्यंत वीस वर्षे गेली. जेटफायरचा टर्बो भंगारात गेला आणि दहा वर्षांत पोर्शेने तीच कल्पना मानाची करून दाखवली. आज तर आपल्या गल्लीतल्या साध्या छोट्या गाडीतही टर्बो असतो आणि मालकाला त्याची आठवणसुद्धा ठेवावी लागत नाही.

तेव्हा तुमच्या गावात यंदा कुठल्या देवळाचे, घराचे, नाहीतर आजोबांच्या जुन्या गाडीचे काम निघणार असेल, तर एवढे करा. काम जरूर करा, पण खांब उतरवायच्या आधी त्याचा फोटो काढा, माप घ्या, साल लिहा, आणि जमले तर तो खांब मांडवात कुठेतरी उभा करून ठेवा. चार ओळी लिहायला कारकूनच असायला हवे असे काही नाही.